कारभाऱ्याचा मुलूख: एका नकाशावरून थांबलेली चर्चा

या प्रकरणातल्या माणसांची, वाचनालयाची आणि पोलीस स्थानकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. सीमाभागात मुलांचे वाचनगट, चित्रपटगट चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

बेळगावच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या तरुण वाचकांनी टाळेबंदीच्या काळात टेलिग्रामवर एक ग्रुप काढला. विषय ठरलेला: कल्पनारम्य कादंबऱ्या आणि त्यांच्यावर निघालेले चित्रपट, मालिका. शहापूर, अनगोळ, वडगावची मुलं आधी आली. मग खानापूर, निपाणीची आणि हद्दीपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लजचीही आली. सदस्य दीडशेच्या आसपास. त्यांतले बरेच कन्नड घरांतले. चर्चा मराठीत चाले, मधूनच कन्नड, मधूनच इंग्रजी, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. अॅडमिन तिघे: ग्रंथपाल ताई, एक शाळामास्तर आणि अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीची सदस्य. ग्रुपमध्ये होते, पण अॅडमिन नव्हते.

या मुलांचं वाचन वरवरचं नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. पुढे अनेकांनी ‘पिक्चरच्या गप्पा’ म्हणून सगळं मोडीत काढलं. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर पीटर जॅक्सननं २००१ ते २००३ मध्ये काढलेल्या तीन चित्रपटांत टॉम बॉम्बाडिल हे पात्र का नाही? नदी ओलांडण्याच्या प्रसंगात ग्लॉरफिंडेलच्या जागी आर्वेन का आली? युद्ध जिंकून परतलेल्या हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या नायकांना, आपलं गावच लुटलेलं दिसतं, हे शेवटाकडचं प्रकरण गाळल्यावर कथेचा अर्थ तोच राहतो का? १९३७ च्या ‘द हॉबिट’ या एका छोट्या पुस्तकाचे तीन चित्रपट करायची गरज होती का? अशा प्रश्नांवर ही मुलं पुस्तकाच्या पानांचे फोटो टाकून रात्री उशिरापर्यंत भांडत. मतं मांडायची तर पुरावा द्यायचा, ही शिस्त त्यांना कुणी शिकवली नव्हती. वादातूनच ती आली होती.

काटछाटीचा विषयही ओघानं येई. सप्टेंबर २०२२ मध्ये टोल्किनच्या जगावरची नवी मालिका आली, तेव्हा अॅमेझॉननं प्रेक्षकांची परीक्षणं ७२ तास राखून, तपासून मगच लावली. जुलै २०२३ मध्ये व्हिएतनामनं ‘बार्बी’वर बंदी घातली. एका दृश्यातल्या नकाशात दक्षिण चीन समुद्रावरचा चीनचा दावा दाखवणारी तुटक रेषा आहे, असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. लहान मुलानं खडूनं काढावा तसा तो नकाशा. त्यावरून ग्रुपवर मोठा वाद झाला होता. एवढ्याशा रेघोट्यांवरून सिनेमा बंद पडतो, हे बहुतेकांना पटत नव्हतं.

कारभाऱ्याचा वाद

ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रुपवर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या डेनेथॉर या कारभाऱ्याचा विषय निघाला. गॉन्डॉर या राज्याच्या गादीवर पिढ्यान् पिढ्या राजा नाही. कारभारीच राज्य चालवतो, पण सिंहासनावर न बसता पायऱ्यांखालच्या साध्या खुर्चीवर बसतो. पुस्तकातला डेनेथॉर करारी आहे, हुशार आहे. शत्रूच्या बाजूचं दाखवणाऱ्या पलांतीरमध्ये, म्हणजे जादूच्या गोळ्यात, बघून बघून तो आतून खचलेला आहे. चित्रपटात ती पलांतीर त्याच्या हातात दिसतच नाही, त्यामुळे उरतो तो फक्त विक्षिप्त, खादाड म्हातारा. सगळ्यात मोठी तक्रार डोंगरांवरच्या इशारा-अग्नीची. पुस्तकात जादूगार गॅन्डाल्फ आणि पिपिन हा हॉबिट शहराकडे येत असतानाच ते पेटलेले दिसतात, म्हणजे मदत मागण्याचं काम कारभाऱ्यानं आधीच केलेलं असतं. चित्रपटात तो नकार देतो आणि पिपिनला चोरून आग लावावी लागते.

“पिक्चरवाल्यांनी कारभाऱ्यावर अन्यायच केलाय की,” अशी बाजू सगळ्यात जोरानं मांडली ती गोकाककडच्या एका कन्नड मुलीनं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की पडद्यावर पर्वतामागून पर्वत पेटत जाण्याचं ते दृश्य मिळालं, त्यापुढे एका पात्राचा बळी परवडला. मग कुणीतरी कादंबरीतला जुना प्रश्न वर काढला: राजा परतलाच नाही, तर किती शतकांनी कारभाऱ्याला राजा म्हणायचं? थोरल्या मुलाच्या त्या प्रश्नावर डेनेथॉर सांगतो की गॉन्डॉरमध्ये दहा हजार वर्षंही पुरणार नाहीत. ज्या जिल्ह्यावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथल्या मुलांना हा प्रश्न नुसता पुस्तकातला कसा वाटेल?

नकाशा यातूनच निघाला. दिवाळी तोंडावर होती आणि वाचनालयाच्या अंगणात दरवर्षी मुलं किल्ला करतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं सुचवलं की यंदा एक नको, सात किल्ले करू. गॉन्डॉरचे इशाऱ्याचे डोंगर सात, तसे आपल्या भागातले सात गड: राजहंसगड, भीमगड, वल्लभगड, महिपाळगड, कलानिधीगड, पारगड आणि सामानगड. पहिले तीन कर्नाटकात, उरलेले चार महाराष्ट्रात. एकावर पणती लावली की पुढच्यावर, अशी साखळी. त्यानं कादंबरीतल्या नकाशाच्या धाटणीचा सुंदर नकाशा काढला. गडांवर ज्वाळा दाखवल्या. बेळगावच्या किल्ल्याच्या जागी गॉन्डॉरच्या राजधानीसारखं पांढरं शहर, आणि मधल्या पट्ट्यावर अक्षरं: ‘कारभाऱ्याचा मुलूख’. खाली बारीक अक्षरांत ‘राजा कधी येणार?’. ही दुसरी ओळ गोकाकच्या मुलीनं सुचवली होती.

समस्या

नकाशा गुरुवारी ग्रुपवर आला. रविवारी रात्री तो बाहेरून फिरत परत आला, पण कापलेला. गडांची नावं, अंगणाचं माप, वरचं ‘दिवाळी किल्ला’ हे शीर्षक, सगळं गेलेलं. उरल्या होत्या नुसत्या ज्वाळा, ‘कारभाऱ्याचा मुलूख’ आणि ‘राजा कधी येणार?’. सोबत कन्नडमध्ये मजकूर होता: १ नोव्हेंबरला इथे इथे आग लावायचा बेत आहे.

१ नोव्हेंबर म्हणजे इथे काय असतं, ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. सरकारी राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच दिवशी, एकाच शहरात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ही तारीख अशी दुभंगलेली आहे. त्या आठवड्यात पोलीस बंदोबस्त वाढतो आणि मोबाईलवरच्या मजकुरावर लक्ष असतं. त्यात शेजारच्या कोल्हापुरात जून २०२३ मध्ये एका स्टेटसवरून तणाव होऊन इंटरनेट बंद ठेवल्याची आठवण ताजी होती.

रविवारी रात्रीच शाळामास्तरांनी घाबरून कारभाऱ्याची सगळी चर्चा पुसून टाकली. नकाशा, त्यावरची मतं, पुस्तकातल्या पानांचे फोटो, कन्नड मुलांचे मेसेज, सगळं. इतर दोन अॅडमिनना विचारलं नाही, ग्रुपवर दोन ओळींचा खुलासाही टाकला नाही. सोमवारी सकाळी स्थानिक पोलीस स्थानकातून ग्रंथपाल ताईंना फोन आला: चालवणाऱ्यांनी आणि चित्र काढणाऱ्यानं येऊन भेटावं. नोटीस नाही, तोंडी निरोप.

आता प्रश्न दोन होते. बाहेर एक खोटा अर्थ फिरत होता. आत, आपलं बोलणं कुणी आणि का पुसलं हे सदस्यांना कळत नव्हतं. कन्नड सदस्यांना वाटलं, आपल्याला वगळण्यासाठी पुसलं. काही मराठी मुलांना वाटलं, पोलिसांनीच पुसायला लावलं.

कोणते पर्याय समोर होते

सोमवारी संध्याकाळी वाचनालयात बैठक झाली. अध्यक्ष काका, तिन्ही अॅडमिन, नकाशा काढणारा मुलगा, वाचनालयाचे सभासद असलेले एक वकील आणि मी.

ग्रुपच बंद करावा, असं शाळामास्तरांचं मत होतं. मुलांच्या नोकऱ्यांचा, पासपोर्टचा प्रश्न आहे, एक गुन्हा लागला तर आयुष्य अडतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. विद्यार्थी अॅडमिनचं म्हणणं: मेसेज आपोआप पुसले जातात अशा दुसऱ्या अॅपवर जाऊ. तिसरा पर्याय काहीच न करता १ नोव्हेंबर जाऊ द्यायचा. चौथा ग्रंथपाल ताईंचा: पूर्ण नकाशा खुलाशासह जाहीर करायचा आणि पोलिसांकडे आपणहून जायचं.

अध्यक्ष काकांची बाजू यांपैकी कशातच बसत नव्हती, आणि मला ती सगळ्यात विचारात पाडणारी वाटली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी आपल्या बरोबरीची मुलं गमावलेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला ते दरवर्षी जातात. ते त्या मुलाला म्हणाले, “बाळ, पोलिसांचं राहू दे. आमच्या लढ्याचा खेळ केलास, त्याचं मला लागलं.” मुलगा म्हणाला, “काका, खेळ नाही केला. मला ते असंच समजतं.” त्यावर दोघंही गप्प झाले. नकाशा कन्नड बाजूला धमकी वाटला, आणि मराठी बाजूच्या एका ज्येष्ठाला थट्टा. दोन्ही वाचनांत मूळ चित्र कुणी पुरतं पाहिलेलं नव्हतं, पण दुखावणं दोन्हीकडचं खरं होतं. काकांना काय लागलं ते समजून न घेता नुसत्या अभिव्यक्तीच्या हक्कावर बोलत राहिलो असतो, तर बैठक तिथेच मोडली असती.

वकिलांनी कायद्याचं चित्र मांडलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे, तेव्हा नुसतं ‘आक्षेपार्ह’ म्हणून त्याखाली कुणाला धरता येत नाही. पण भारतीय न्याय संहितेत गटांत वैर वाढवण्याबद्दल कलम १९६ आणि अफवांबद्दल ३५३ आहे, आणि कापलेल्या चित्रासोबतचा मजकूर त्या दिशेला जाणारा आहे. भारताचा चुकीचा नकाशा छापण्याबद्दलही कायदा आहे, पण कल्पित राज्याचा नकाशा त्यात येत नाही असं त्यांचं मत. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. कर्नाटकात तो निकाल बंधनकारक नाही, तरी दाखवता येतो.

मग त्यांनी विचारलं, “पुसायला कुणी सांगितलं होतं?” कुणीच सांगितलं नव्हतं. सरकारला इंटरनेटवरचा मजकूर बंद करायचा असला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम आहेत. त्यांत कारण लागतं, समिती लागते, लेखी आदेश लागतो. ते आदेश नियम १६ नुसार गोपनीय राहतात आणि त्यावर रास्त टीकाही होते, पण काही एक रीत आहे. आमच्या ग्रुपवर सगळी चर्चा पुसली गेली ती कसल्याही रीतीशिवाय, एका माणसाच्या भीतीतून. शिवाय चौकशी होणार हे दिसत असताना पुसणं म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेणं. ग्रुप बंद करण्याचा आणि मेसेज आपोआप पुसणाऱ्या अॅपवर जाण्याचा पर्याय यामुळेच मागे पडला.

काय केलं

लेखी नोटिशीचा आग्रह धरायचा की तोंडी निरोपावर जायचं, यावर वकिलांशी बराच खल झाला. आग्रह धरणं हक्काचं होतं. पण मधल्या दिवसांत ते चित्र आणखी फिरलं असतं. वकिलांसह जायचं, म्हणणं लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची, असं ठरलं.

मंगळवारी दुपारी निपाणीच्या एका सदस्यानं विद्यार्थी अॅडमिनला सांगितलं की टेलिग्रामच्या मोठ्या ग्रुपमध्ये अॅडमिनना अलीकडच्या कृतींची नोंद ४८ तास दिसते आणि पुसलेले मेसेजही त्यात असतात. मुदत रात्री संपणार होती. विद्यार्थी अॅडमिननं हाती लागेल तेवढं उतरवून घेतलं. मजकूर बहुतेक मिळाला. व्हॉइस मेसेज राहून गेले.

त्याच संध्याकाळी आम्ही पोलीस स्थानकात गेलो. सोबत पूर्ण नकाशाची रंगीत प्रत, वाचवलेल्या चर्चेच्या छापील प्रती आणि गोकाकच्या मुलीनं कन्नडमध्ये लिहिलेलं एक पान होतं. तिच्या वडिलांनी तिला यायला मनाई केली होती, पण लिहायला आडकाठी केली नाही. कारभारी कोण, राजा कोण, इशाऱ्याचे अग्नी म्हणजे काय आणि ‘राजा कधी येणार?’ ही ओळ आपण सुचवली, हे तिनं स्वच्छ लिहिलं होतं. उपनिरीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं. त्याहून उपयोगी पडला तो नकाशामागचा अंगणाचा आराखडा: प्रत्येक किल्ल्याची लांबीरुंदी फुटांत, मातीच्या टोपल्या किती, पणत्या कुठे. ज्वाळा म्हणजे पणत्या, हे त्या मापांनी कुठल्याही युक्तिवादापेक्षा लवकर पटवलं.

अडचण आली एकाच प्रश्नावर: “मग पुसलं कशाला?” ग्रंथपाल ताईंनी खरं तेच सांगितलं, की एक जण घाबरला, आणि मिळालं ते परत आणलं आहे. वाचवलेली चर्चा हातात नसती तर या उत्तरावर कुणी विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही.

ग्रुपवर त्या रात्री मराठी आणि कन्नडमध्ये एकच निवेदन गेलं. काय पुसलं, कुणी, का, आणि काय परत मिळालं. पुढचे काही दिवस वाचता येईल, लिहिता येणार नाही, अशी सोय केली आणि चर्चा पुन्हा कधी सुरू होईल तेही सांगितलं. दोन वर्षांपूर्वी याच मुलांनी अॅमेझॉनच्या ७२ तासांना मुस्कटदाबी म्हटलं होतं. काहींनी ते आठवणीनं विचारलंही. विद्यार्थी अॅडमिननं उत्तर दिलं की मुदत आणि कारण आधी सांगितलंय, मुदत उलटली तर जाब विचारा. मला हे उत्तर पुरेसं वाटलं. सगळ्यांना वाटलं नाही.

निष्पत्ती

गुन्हा नोंदला गेला नाही. जबाब घेतले, पूर्ण नकाशाची प्रत ठेवून घेतली आणि १ नोव्हेंबरपर्यंत जपून राहायला सांगितलं. चित्र कुणी कापलं आणि तो मजकूर कुणी जोडला, ते आम्हाला कळलं नाही.

चर्चा दिवाळीनंतर सुरू झाली, पण तशी नाही. काही कन्नड सदस्य निघून गेले. राहिलेले बराच काळ पडद्यावरच्या करामती, पोशाख, संगीत यांच्यापलीकडे बोलेनात. आपल्या गावाशी, आपल्या गडांशी कादंबरी जोडून बघायचं धाडस संपलं. कुणी बंदी घातली नव्हती, तरी हे झालं. नकाशा काढणारा मुलगा ग्रुप सोडून गेला, नकाशा पुन्हा काढायला त्यानं नकार दिला. अंगणात त्या वर्षी एकच किल्ला झाला, राजहंसगड. गोकाकची मुलगी अजून आहे, आणि कारभाऱ्याची बाजू अजून सोडत नाही.

नियम बदलले. मजकूर काढायचा तर दोन अॅडमिनची संमती लागते, कारण ग्रुपवर लिहावं लागतं आणि प्रत वाचनालयाच्या संगणकावर राहते. दिग्दर्शकानं कितीही कापलं तरी पुस्तक फडताळात असतं, पान उघडून भांडता येतं. ग्रुपवरचं बोलणं पुसलं की भांडायलाही काही उरत नाही. म्हणून हा प्रत ठेवण्याचा नियम मला बाकी सगळ्यांहून मोलाचा वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारी रात्री पहिला फोन नकाशा काढणाऱ्या मुलाला जायला हवा होता. त्याला ही गोष्ट कॉलेजातल्या मित्राकडून कळली, आपल्या ग्रुपकडून नाही. तो निघून गेला त्यामागे पोलिसांपेक्षा हेच कारण मोठं आहे, असं त्याच्याशी बोलल्यावर माझं मत झालं.

पूर्ण नकाशा त्याच रात्री, कापलेल्या चित्राच्या मागोमाग सोडता आला असता. मूळ हातात होतं, आणि मूळ दाखवणं हाच कापलेल्या चित्रावरचा सरळ उपाय होता. मूळच पुसल्यामुळे कापलेलं तेवढं जगात उरलं.

कन्नड खुलासा मंगळवारी झाला, रविवारी व्हायला हवा होता. ज्यांच्यात गैरसमज पसरत होता त्यांच्या भाषेत दोन दिवस एक ओळही गेली नाही, तीही कन्नड लिहिणारे इतके सदस्य ग्रुपमध्ये असताना. सीमाभागात गट चालवणाऱ्यांनी अशा निवेदनासाठी दोन्ही भाषांतली माणसं आधीच ठरवून ठेवावीत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात असा नकाशा टाकूच नये, असंही काहींनी सुचवलं. मला ते मान्य नाही. दिवाळीचा किल्ला दिवाळीतच होणार. मात्र शीर्षक आणि गडांची नावं चित्राच्या मध्यावर घेतली असती, तर कापणाऱ्याला ती वगळणं जड गेलं असतं. एवढी खबरदारी आता ग्रुपवर चित्रं टाकणारे घेतात.

अध्यक्ष काका आणि तो मुलगा यांचं अपुरं राहिलेलं बोलणं पुढे न्यायला हवं होतं. पोलिसांच्या गडबडीत ते मागे पडलं. ग्रंथपाल ताईंनी दोघांना पुन्हा बोलावलं आहे. काका येतो म्हणालेत, मुलानं अजून कळवलेलं नाही. खऱ्या गावांची, गडांची नावं वापरून काढलेली चित्रं ग्रुपवर पुन्हा सुरू करायची का, हा ठरावही त्या भेटीपर्यंत राखून ठेवला आहे.